मोतीबिंदूची गाडी

दादा,

मी धसईच्या सरकारी दवाखान्यात चाललेय. आईच्या मृत्यूचा दाखला तुझ्या फाइलीतनं काढलाय, शोधत बसू नको.

सकाळी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायची गाडी दारात आली. यादीत आईचं नाव होतं. ती जाऊन दोन महिने झाले, पण दवाखान्यात कुणी कळवलंच नाय. मृत्युपत्रात तिने सगळं तुझ्यावर सोपवलंय. सातबाऱ्यासाठी तू तेराव्याच्या आधीच तलाठ्याकडे जाऊन आलास. दवाखाना त्याच रस्त्याला लागतो.

नर्सबाईंनी हाक मारली तेव्हा मी विहिरीवर होते. बाबांचं हल्ली कसं झालंय, तुला ठाऊक आहे. त्यांनी आईचं लुगडं, फणी, आधारकार्ड पिशवीत भरलं आणि बाईंना म्हणाले, "जरा थांबा, ती केस विंचरतेय." गाडी अर्धा तास थांबली. शेवटी मी येऊन सांगितलं.

आई गेली हे बाबांना आज मी दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडले. आता पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसलेत. तू येईपर्यंत शकूकाकी आहे, आलास की तिला घरी जाऊ दे.

भात झाकून ठेवलाय. आधी त्यांना जेवू घाल. जेवण झालं की ते विचारतील, गाडी कधी येणार. या खेपेला तू सांग.

रोशनी