पॉइंटमधली कागदाची पट्टी

प्रिय पिटुकले,

'प्रिय' लिहिलंय ते पत्राची रीत म्हणून. समोर असतीस तर कान धरला असता, मग तू चाळीस माणसांच्या वर्कशॉपची फोरमन का असेनास. फोनवर मला तुझ्याशी धड भांडता येत नाही, तू मध्येच हसतेस, म्हणून खिडकीशी बसून लिहितोय. अक्षर मोठं झालंय, ओळी खाली घसरल्यात, त्यावर काही बोलू नकोस.

तू रविवारी येऊन गेलीस आणि सोमवारपासून माझी मोटरसायकल सुरू होईना. ती गाडी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. पहिल्या किकला नाही तर दुसऱ्या किकला बोलणारच. मी वीस किका मारल्या. चोक ओढून झाला, सोडून झाला, कोपऱ्यापर्यंत ढकलत नेऊन झालं. समोरच्या शिंप्याने मशीन थांबवून विचारलं, की काका, आता भंगारात देताय का. उभा जन्म लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि हे ऐकून घ्यावं लागलं.

मग कार्बोरेटर उतरवला. फ्लोटची वाटी रिकामी केली, तळाशी चिमूटभर गाळ निघाला, वाटलं सापडलं. जेट साफ केला, फुंकर मारून पाहिली, फ्लोटची सुई बोटाने चाचपली, सगळं परत बसवलं. गाडी ढिम्म. बुधवारी पुन्हा तेच, शुक्रवारी पुन्हा तेच. दर वेळी प्लग काढला की पेट्रोलने ओला. प्लग ओला म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी पडत नाही, तेव्हा कार्बोरेटरला हात लावायचा नाही, हे मी तुला तू नववीत असताना शिकवलं. आणि मीच आठ दिवस कार्बोरेटर खोलत बसलो. का, ते पुढे लिहितो. तुझी आई सगळं स्वयंपाकघरातून बघत होती, चहा आणून देत होती आणि तोंडात गुळणी धरून होती. तिलाही तू सामील करून घेतलं होतंस, हे आता कळलं.

काल शेवटी ठिणगीच्या बाजूकडे वळलो, पॉइंटचं झाकण उघडलं. नखाने चाचपलं तर दोन पॉइंटच्या मध्ये कागद. ठिणगी पडणार कुठून? जाड पट्टी, कात्रीने नीट कापलेली, कोपरे गोल केलेले, एक टोक दुमडून स्प्रिंगखाली सरकवलेलं, म्हणजे किक मारली तरी पडू नये. दुसरं कोणी असतं तर वायर तोडून मोकळं झालं असतं. पॉइंटला ओरखडाही जाऊ नये एवढी काळजी घेऊन गाडी बंद पाडणारं माणूस मी आयुष्यात एकच तयार केलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अगं, तुला तोंड नव्हतं का? बाबा, तुम्ही आता गाडी चालवू नका, एवढं म्हणायला काय झालं होतं? मी ओरडलो असतो, भरल्या ताटावरून उठलो असतो, दोन दिवस अबोला धरला असता. तो माझा हक्क आहे. लहान पोराच्या हातातली कात्री गुपचूप काढून घेतात, तसं केलंस तू माझ्याशी. आठ दिवस मला वाटत होतं, गाडीला काही झालेलं नाही, माझेच हात गेले. त्याचा राग सगळ्यात जास्त आहे, आणि तो एवढ्यात जाणार नाही.

आता ते 'का'. ठिणगी बघायची तर प्लग इंजिनला टेकवून किक मारायची. ते मी सोमवारीच केलं होतं. काही दिसलं नाही. पण गेल्या वर्षभरात मला चांगल्या चालत्या गाडीचीही ठिणगी दिसलेली नाही, सावलीत नेऊनसुद्धा. त्यामुळे न दिसण्यावरून मला काही ठरवताच येईना. कार्बोरेटर निदान बोटांना कळतो, म्हणून तोच खोलत राहिलो. आणखी एक. त्या रविवारी ब्रेकची लिव्हर वाकलेली पाहून तू विचारलंस, तेव्हा मी म्हणालो गाडी स्टँडवरून पडली. ती पडली नव्हती. शाळेपाशी रस्ता ओलांडणारी बाई मला दिसलीच नाही. ती किंचाळली, तेव्हा मी गाडी कुंपणाच्या भिंतीत घातली. तिला काही झालं नाही. तुझ्या आईला हे ठाऊक नाही आणि तू सांगायचं नाहीस, मी सांगेन.

पट्टी मी होती तिथेच परत ठेवली आहे, तशीच दुमडून, आणि झाकण लावून टाकलंय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. तू रविवारी ये. जे तेव्हा म्हणायला हवं होतंस, ते माझ्या समोर उभं राहून म्हण. मी नाही म्हणेन. तरी म्हण. मग स्वतःच्या हाताने पट्टी काढ आणि सोमवारी गाडी तू चालव. मी मागे बसेन. गप्प बसेन असं मात्र समजू नकोस.

तुझाच,
अजून रागातच असलेला
बाबा