मोजणी बरोबर होती

बाबा,

तीर्थरूप वगैरे लिहिणार नाही, हात वळत नाही. तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्यावर कधी धड रागावले नाही, कारण गेलेल्या माणसावर रागावू नये असं आईनं बजावून ठेवलं होतं. आता आईही नाही. तेव्हा आज रागावते आहे, इथे परदेशात, बिशानच्या आमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी बसून, भर दुपारी. निमित्त तुमच्या शाळेच्या स्मरणिकेचं आहे. तुमचा एक जुना विद्यार्थी ती काढतोय. वसईच्या सहलीला आलेल्या आठवीतला सगळ्यात उंच मुलगा, म्हणून हजेरीत शेवटी उभा राहायचा तो. आता गावात त्याचं हार्डवेअरचं मोठं दुकान आहे. महिनाभर माझ्या मागे लागलाय, "ताई, सरांवर दोन पानं तरी द्याच. तुमच्याशिवाय अंक पुरा कसा होणार?" आणि मला अंदाज यावा म्हणून बाकीच्यांचे लेख पाठवले त्यानं. सतरा लेख. त्यातल्या अकरांत तेच वाक्य आहे, सरांनी आम्हाला पोटच्या पोरांसारखं जपलं. अकरा वेळा वाचलं मी ते. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा समोर उघडा ठेवून. पोटची पोर मी होते, बाबा. त्यांना जसं जपलंत, तसं मला कधी जपलं नाहीत.

रागाला तोंड फुटलं ते मात्र मेक्सिकोत. आमच्या शिपिंग कंपनीनं मला तिथे बैठकीला पाठवलं होतं आणि मधला एक रविवार मोकळा होता. लेकीनं इथूनच फोनवर बुकिंग करून टाकलं, "आई, एकटी भटकू नकोस, टूर घे लाह." वाक्याला असं लाह जोडणं हे तिचं इथलं वळण. सकाळी सातला हॉटेलच्या दारात व्हॅन आली. दिवसभरात तीन गावं आणि त्यांतली जुनी चर्चेस बघायची, वाटेत जेवण, संध्याकाळी परत. आम्ही तेराजण होतो, सगळे जोडीजोडीनं आलेले, एकटी मीच. गाइड माझ्याच वयाची बाई, आखूड केसांची, पायात कॅनव्हासचे बूट. निघाल्या निघाल्या ती म्हणाली, "माझ्याकडे यादी नाही. प्रत्येकानं आपल्या शेजारच्याला ओळखून ठेवा. चढताना शेजारचा नसला तर ओरडा." मग माझ्या शेजारची रिकामी सीट बघितली आणि म्हणाली, "एकटी आलेली माणसं माझ्या वाट्याची. तुमची शेजारीण मी." एवढंच बोलून ती पुढे जाऊन बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्यावर नाही, तुमच्यावर.

तुमची यादी होती ना. निळ्या शाईनं, रेघा मारून केलेली. वसईच्या किल्ल्याची सहल आठवीची, मुलं अठ्ठेचाळीस. मी पाचवीत होते. आईनं किती विनवलं तेव्हा तुम्ही मला बरोबर घेतलंत, पण यादीत नाव घालणार नाही म्हणालात. सरांनी शाळेच्या सहलीत आपली पोर घुसवली असं कुणी म्हणायला नको. एसटीत मला ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसवलंत. खालून चटके बसत होते. वाटेत मी "बाबा" म्हणून हाक मारली तर तुम्ही मानही वळवली नाहीत. शाळेत आणि सहलीत "सर" म्हणायचं, हा नियम. मग "सर, मला बाहेर जायचंय" म्हटलं, तेव्हा कुठे गाडी थांबली. तत्त्व म्हणायचात तुम्ही याला. लोक वाहवा करायचे. मी ते तत्त्व दहाव्या वर्षी इंजिनाच्या झाकणावर बसून सहन केलं, त्याबद्दल मात्र कुणी लेख लिहिला नाही.

व्हॅन चोलुला नावाच्या गावाला पोचली. तिथे एका टेकडीवर पिवळं चर्च आहे, आणि ती टेकडी म्हणजे टेकडी नाहीच, आत आख्खा पिरॅमिड आहे. जुन्या लोकांचं देवस्थान गवताखाली गाडलं गेलेलं, त्याच्या डोक्यावर स्पॅनिश लोकांनी आपला देव नेऊन बसवला. मागे ज्वालामुखीचा डोंगर, त्यातून थोडा धूर. तुम्ही तिथे पाऊण तास बोलला असतात. कुणी जिंकलं, कुणी कुणाच्या दगडांवर काय बांधलं, सगळं खडूशिवाय हवेत काढून दाखवलं असतंत, आणि ऐकणाऱ्यांना घड्याळ आठवलं नसतं. तसे होतात तुम्ही, ते मी नाकारत नाही. वसईतही छप्पर उडालेल्या त्या चर्चमध्ये तुम्ही तसेच बोललात. पोर्तुगीज कुठून आले, मराठे कुठून चढले. मी मागच्या रांगेत टाचा उंच करून ऐकत होते. मधेच तुम्ही विचारलंत की हे चर्च नंतर कुणी मोडलं. मला माहीत होतं, आदल्या रात्री तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी हात वर केला. तुमची नजर माझ्या हातावरून पुढे गेली आणि तुम्ही दुसऱ्या मुलाला उठवलंत. त्याला येत नव्हतं. मग उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत.

त्यानंतरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चर्चच्या मनोऱ्यात दगडी गोल जिना होता, मी त्यात चढले, गारव्याला बसले आणि मला झोप लागली. खाली तुम्ही शिट्टी वाजवलीत, मुलांनी रांगेत एकेक आकडा ओरडला, अठ्ठेचाळीस पूर्ण झाले, गाडी सुटली. हायवेला लागल्यावर हिंदीच्या बाईंनी विचारलं, "सर, तुमची छोटी कुठंय?" तोवर इकडे मी खाली उतरून एका दगडावर बसले होते. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक बाई गवताचा भारा घेऊन चालली होती, ती माझ्याजवळ बसली. तिनं कमरेच्या फडक्यातली सुकेळी काढून मला दिली, सुकवलेलं गोड केळं, वसईकडे मिळतं ते. "कुणाची गं तू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "सरांची." बाबांची असं तोंडातून आलंच नाही.

तुम्ही परत आलात तेव्हा उन्हं उतरली होती. मी उठून तुमच्याकडे धावले. तुम्ही मला हात लावला नाहीत. गाडीत चढवलंत, सगळ्यांसमोर उभं केलंत आणि म्हणालात, "हिच्यामुळे अठ्ठेचाळीस मुलं ताटकळली. माफी माग." मी मागितली. सुकेळी अजून माझ्या मुठीत चिकट होत होती. घरी आईनं विचारलं, अहो, पोरगी राहिली कशी? तुम्ही पाय धुता धुता म्हणालात, "माझी मोजणी बरोबर होती." पुढे पाहुण्यांनी विचारलं तरी हेच. माझ्या लग्नातसुद्धा हसत हसत हेच सांगितलंत. आणि मोजणी बरोबरच होती, बाबा, तीच तर माझी तक्रार आहे. मी नसतानाही ती बरोबर होती.

तिसऱ्या गावातलं चर्च बाहेरून साधंच दिसतं. तोनान्त्सिन्तला असं त्या गावाचं नाव, मला नीट म्हणायला चार वेळा लागल्या. आत पाऊल टाकलं आणि मी मान वर करून जागच्या जागी उभी राहिले. भिंत म्हणून कोरी दिसत नाही. खालपासून घुमटापर्यंत तोंडंच तोंडं, रंगवलेल्या चुन्याचे देवदूत, आणि ते गोरे नव्हेत, गावच्याच लोकांच्या नाकाडोळ्यांचे, सावळे, गोबरे, मध्ये मक्याची कणसं, फळं, पिसांचे मुकुट. बांधणाऱ्यांना हुकूम होता परक्या देवाचं घर बांधायचा, आणि त्यांनी त्यात आपलीच पोरं चढवून ठेवली, एकसुद्धा बाहेर ठेवलं नाही. मी एका कोपऱ्यातून ती तोंडं मोजायला लागले. कशासाठी, कोण जाणे. दीडशेच्या पुढे चुकले, पुन्हा सुरुवात केली. आत फोटो काढू देत नव्हते, त्यामुळे लोक पटकन बघून बाहेर पडत होते. माझी वेळ केव्हा उलटून गेली ते कळलं नाही.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. गाइड होती. ती माझ्याबरोबर वर बघत राहिली. मग हळू म्हणाली, "बाराजण गाडीत बसलेत. मी तेराव्यासाठी आले." मी तिच्यावर उखडले. खरंच उखडले, चर्चमध्ये, परक्या बाईवर. "मग हाक का नाही मारलीत? शिट्टी का नाही वाजवलीत?" म्हटलं. माझा आवाज घुमला आणि दोन म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या. तिला राग आला नाही. "इथे हाका मारत नाहीत, सेन्योरा," ती म्हणाली. "येऊन घेऊन जातात." तिनं माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं. व्हॅनमध्ये चढल्यावर एका बाईनं पाण्याची बाटली पुढे केली. कुणी माझ्याकडून माफी मागवली नाही, म्हणून असेल, पण आमच्या हॉटेलचं शहर, पुएब्ला, येईपर्यंत माझं रडणं थांबलं नाही.

परत आले आणि त्या हार्डवेअरवाल्याला फोन केला, माझ्याकडून लेख मिळणार नाही असं सांगायला. तो म्हणाला, "ताई, वसईचं तरी लिहा. तुम्ही जिन्यात झोपला होतात ते. अहो, बाईंनी विचारल्यावर सर गाडीत ढसाढसा रडले होते. पुढच्या सीटवर डोकं ठेवून." मी फोन ठेवला. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नसावं. आणि ऐकून माझं मन विरघळेल असं तुम्हाला वाटत असेल तर नाही विरघळलं. उलट अंगाचा तिळपापड झाला. रडणंसुद्धा त्या अठ्ठेचाळीस जणांना दाखवलंत. गाडी किल्ल्यापाशी येईतो डोळे पुसून सर होऊन उतरलात. ते अश्रू माझे होते, बाबा. मी त्या दगडावर बसून त्यांचीच वाट बघत होते.

लेक आत्ता क्लासहून आली. एवढे कागद बघून म्हणाली, "आई, सो लाँग. हू इज इट फॉर?" मी म्हटलं, आजोबांना. ती समोरची खुर्ची ओढून बसली आणि मटार सोलायला लागली. हे पत्र स्मरणिकेत जाणार नाही, आणि दुसरं कुठे पाठवायचं म्हटलं तर पत्ता नाही. टेबलाच्या खणात ठेवीन. पण तुमच्यावर एवढं तोंडसुख घेतल्यावर एक गोष्ट कबूल करायला हवी, ती आईलाही कधी सांगितली नाही. मी जिन्यात झोपले नव्हते. मुद्दाम लपले होते, माझ्यावाचून मोजणी अडते का ते बघायला. शिट्टी ऐकली, एक ऐकला, दोन ऐकला, भिंतीला कान लावून सगळे आकडे ऐकले. तो उंच मुलगा अठ्ठेचाळीस म्हणून ओरडला आणि खाली जरा शांत झालं. तेवढ्यात मी एकोणपन्नास म्हणाले होते, बाबा. पण तुम्हाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.