एका जीपमध्ये मावलेली भावकी

तीर्थस्वरूप गेनबामामांच्या चरणी भाचा योगेशचा दंडवत.

मामींचे गुडघे आणि आपला रक्तदाब एकमेकांशी चढाओढ करत नसतील, अशी आशा आहे. वैष्णवीच्या लग्नाची पत्रिका पोचली. फार आनंद झाला. (मग तारीख वाचली.)

मामा, माझं काम आपण जाणताच: रुग्णवाहिकांवर ड्रायव्हरांच्या पाळ्या लावायच्या, चोवीस तास, आणि आमचे मालक रंगराव यांच्या मते शक्यतो फुकट. पाळी सुटली की ड्रायव्हरांना पुणेभर घरोघरी सोडायचं, हा खर्च त्यांच्या जिवाला लागला होता. त्यांचा पुतण्या ऋषी याने कॉम्प्युटरला विचारलं. कॉम्प्युटर म्हणाला, सगळे एकाच गावचे घ्या, एका जीपमध्ये मावतील. मी लोणी काळभोरला येऊन आपली अख्खी भावकीच उचलली. खर्च असा कोसळला की रंगरावांनी स्वतःच्या हाताने मला पेढा भरवला. (अर्धा.)

पण कॉम्प्युटरला सुतक कुठलं कळायला? गेल्या महिन्यात भावकीतले सीतारामआबा गेले आणि सगळे ड्रायव्हर दहाव्यापर्यंत गावात बसले. इकडे फोन खणखणायला लागले. शेवटी स्टिअरिंगवर मी, शेजारी रंगराव. सायरनचं बटण सापडेना, म्हणून मालक खिडकीतून डोकं काढून 'सरका, सरका' ओरडत होते. (तेही स्वस्तातच पडलं म्हणा.) गुलटेकडीच्या एका बोळात सुशीलाबाई नावाच्या आजी पाय मोडून बसल्या होत्या. गाडी वळवताना मी कुणाचं तरी तुळशीवृंदावन पाडतोय हे पाहून म्हणाल्या, "अहो, तुम्ही या सावकाश. मी रिक्षाने पुढे होते." आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांच्या पायाला प्लास्टर चढलं होतं, आणि उलट त्याच आम्हाला विचारत होत्या, "लागलं नाही ना कुठे?"

रंगरावांनी बजावलंय, पुन्हा असं झालं तर तू कायमचा घरी बस. आणि आता लग्नाला झाडून सगळ्यांनी रजा मागितली आहे. आपल्या पृथ्वीराजला म्हटलं, बाबा, तू तरी थांब. तर म्हणतो, "दादा, अक्षता चुकवल्या तर गेनबाकाका मला धड ठेवत्याल का? मंग रुग्णवाहिका मलाच लागंल, आन् ती चालवायला कोण हाय?"

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
योगेश

ता. क. – लग्न आमच्या गाड्या उभ्या राहतात त्या मैदानातच केलं तर? जागेचं भाडं नाही. फोन आला की एकाने पंगतीतून उठायचं, पेशंट पोचवून पुन्हा बसायचं. त्याची जिलबी सांभाळायला मी जातीने उभा राहीन.

आणखी ता. क. – रंगराव मैदानाला तयार आहेत. फक्त विचारतात, जावईबापूंना गाडी चालवता येते का? दुसऱ्या भावकीतले, त्यांना आपलं सुतक लागत नाही. येत असेल असं धरून मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळपाळी त्यांना लावून टाकली आहे. वैष्णवीला मात्र आपणच सांगा.