थंडीत आलेलं सीताफळ

अब्बा, दिवाळी होऊन तीन आठवडे झाले आणि सीताफळाच्या पहिल्या पाट्या आत्ता कुठे गाड्यावर आल्यात. तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असतात. दसऱ्याला सुरू आणि दिवाळीला संपलं, एवढंच तुम्हाला ठाऊक. दसऱ्यात या वर्षी मी बाहेरून आलेली सफरचंदं आणि केळी विकत बसले होते. येणारा प्रत्येक जण विचारायचा, "सीताफळ कुठाय?" डोंगराचं मी काय सांगणार? आता माल आलाय तर तो धड नाही. परवा एक गृहस्थ चार फळं पिशवीतून परत घेऊन आले. काळी ठिक्कर, दगडासारखी. माझ्यासमोर एकेक आपटलं त्यांनी. "कच्चा माल गळ्यात मारता? बाईमाणूस म्हणून विश्वास ठेवला." मी शपथ घेतली, डोळे उघडलेलं, पक्व फळ दिलं होतं म्हणाले. ते हसले. बाजूचे गाडेवाले बघत होते. इतका संताप आला, आणि तो त्या माणसाचा नव्हता, तुमचा होता. म्हणून हे लिहितेय. आपण घरात दखनीतच बोललो, पण माझी शाळा मराठी, मला लिहिता येतं ते मराठीतच. आणि दखनीत तुमच्याशी भांडायची हिंमत मला अजून होत नाही.

फळ ओळखायला तुम्हीच शिकवलंत. मी दहावी नापास होऊन घरी बसले होते. भाईजान गॅरेजात लागले होते, त्यांना फळात रस नव्हता. तुम्ही मला पहाटे मंडईत उभं केलंत. "हाथ नक्को लगाना, पहले आँख देखना." सीताफळाचे डोळे एकमेकांपासून सुटायला लागतात, मधल्या चिरा पिवळसर पांढऱ्या होतात, तेव्हाच ते झाडावरून उतरवायचं. त्याआधी तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडतं आणि तसंच राहतं. एकदा मी दाबून बघितलं तर हातावर फटका मारलात, सगळ्यांदेखत. रडले होते. दुपारी तुम्ही त्यातलंच सगळ्यात मोठं फळ फोडून माझ्या पुढ्यात ठेवलंत आणि बिया गिळू नको म्हणालात. बस्स, एवढंच. तुमची माफी मागायची पद्धत ती. तोंडातून शब्द कधी निघाला नाही. तुम्ही म्हणायचात, "फळ खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो." मंडईतले लोक या वाक्यावर माना डोलवायचे. मला ते कुराणातलं वाटायचं.

सीताफळं आणणाऱ्या त्या बाईचा तो दिवस मला जसाच्या तसा दिसतो. लिंबागणेशच्या पुढे डोंगरात तिचं गाव. पहाटेच्या एसटीनं ती दोन पाट्या घेऊन यायची, वर ओल्या गवताची पेंढी. सात-आठ वर्षं तिचाच माल आपल्याकडे, आणि तुम्ही तिच्या फळाला कधी हात लावून बघितला नाही, इतका भरवसा. त्या वर्षी पाऊस उशिरा आला होता. पोळ्यापर्यंत डोंगर तांबडाच होता. मग माल आला तो नोव्हेंबर संपता संपता, कडाक्याच्या थंडीत. तिची फळं चार दिवस गाड्यावर पडून राहिली, पिकली नाहीत, काळी पडली. गिऱ्हाइकांनी परत आणून टाकली. पाचव्या दिवशी ती आली, पाटी खाली ठेवते न ठेवते तोच तुम्ही म्हणालात, "कावून आणलीस? आता पण झोडून आणलीस ना कच्ची?"

ती म्हणते, "मालक, डोळे उघडल्याबिगर म्या हात लावत न्हाई. तुमाला ठावं हाय."

"मग हे काय हाय? धोंडे हायेत का?"

"न्हाई ठावं मला काय झालं. झाडावर बरी व्हती. लेकराची आण."

"लेकराची आण घेती अन् कच्चं इकती!" म्हणत तुम्ही पाटी पायानं उपडी केलीत. फळं रस्त्यावर घरंगळली. एक रिक्षा त्यातल्या दोन फळांवरून गेली. ती खाली बसून न फुटलेली फळं पदरात गोळा करत होती आणि मी गल्ल्याशेजारी उभी होते. तेवीस वर्षांची होते अब्बा, लहान नव्हते. वाकून चार फळं उचलू शकले असते. रस्त्यावरच्या फळांचे डोळे उघडलेले मला दिसत होते, चिरा पांढऱ्या होत्या. तुम्हालाही दिसल्या असतील. पण तुमच्या शिकवणीप्रमाणे काळं पडलेलं फळ म्हणजे कच्चं तोडलेलं, आणि फळ खोटं बोलत नाही, म्हणजे मग बाईच खोटी. तिसरी शक्यता तुमच्या डोक्यात नव्हती.

ती परत आली नाही. पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा तसंच झालं, तेव्हा तुम्ही पाटोद्याच्या माणसाला शिव्या घातल्या. मग पालीच्या एकाला. माल देणारे बदलत गेलात, तरी एकदाही डोंगरावर जाऊन झाडाकडे बघावंसं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे लिहायला हवं. तुमच्यानंतर गाडा माझ्याकडे आला आणि मीही तेच केलं. माल काळा पडला की देणाऱ्याशी भांडायचं. भांडण सोपं असतं, समोर माणूस असतो.

मग परवाचे ते गृहस्थ गेल्यावर शेती खात्यातल्या एक मॅडम, ज्या नेहमी माझ्याकडून पपई नेतात, त्यांनी त्या चारातलं एक फळ चाकूनं कापलं. आत गर झालेला, बिया काळ्याभोर, पण गर घट्ट. "तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "पाऊस उशिरा आला की फूल उशिरा लागतं, फळ थंडीत तयार होतं. थंडीत सीताफळ पिकत नाही, कातडं काळं पडतं. कितीही पक्व तोडा." मग म्हणाल्या, सीताफळाच्या फुलात एक बारका किडा शिरतो, त्याच्यामुळे फळ धरतं, आणि ऊन जास्त, हवा कोरडी झाली की तो किडा येतच नाही, म्हणून फळं कमी आणि वेडीवाकडी. त्या एवढ्या सहज बोलल्या, जणू पिशवीचे बंद बांधतायत. मी विचारलं, यावर उपाय? "फवारणी आहे, हातानं परागीकरण आहे, नव्या जाती आहेत." डोंगरावरच्या आपसूक उगवलेल्या झाडांना कोण हातानं परागीकरण करणार? त्या पपई घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी गाडा बंद ठेवून मी डोंगरातल्या त्या बाईच्या गावची एसटी धरली. ती बाई जिवंत आहे. पाठीतून वाकलीय, एका डोळ्याला दिसत नाही. मी कोणाची म्हणून सांगितलं तर म्हणाली, "माल पायजे का?" मी म्हणाले, "झाडं बघायचीत." तिला हसू आलं. काठी टेकत ती मला वर घेऊन गेली. अब्बा, उन्हाच्या अंगाचा उतार बघितला असतात तर! अर्धी झाडं खराट्यासारखी वाळलेली. उरलेल्यांवर लिंबाएवढी फळं आणि त्याच फांदीवर नवी फुलं, थंडीच्या तोंडावर. मी तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "झाडाला उमजंना कवा काय करायचं. तेबी बावचळलंय." मग तिनं घळीकडे बोट दाखवलं. सावलीच्या बाजूला, जिथे ओल टिकते, तिथे गुडघ्याएवढी रोपं दाटीनं उगवली होती. "ही कुणी लावली न्हाईत. वानरं खात्यात अन् बिया तिकडं टाकत्यात. वरची जळाली, खालची जगली. झाडाला पाय न्हाईत, पर सरकतंय बग."

मी त्या रोपांकडे बघत उभी राहिले आणि मला बरं वाटलं नाही, उलट चीड आली. झाडाला घळ सापडली. वानरांना फळ सापडलं. आपल्या दोघांना मात्र एका बाईवर ओरडण्यापलीकडे काही सापडलं नव्हतं.

परत येताना मी त्या दिवसाचा विषय काढला. ती थांबली. "त्या दिसापासनं माजं बाजारला जाणं बंद झालं," म्हणाली. "मालकानं बीडच्या रस्त्यावर पाटी उलटी केली, हे घरला कळलं. सासरा म्हनला, हिनंच घाईघाईत कच्चं तोडलं, घराची अब्रू घालवली. नवराबी तेच म्हनला. दोगं मरंपर्यंत तेच म्हनत हुते. आता सूनबी कदी कदी म्हनती." मग काठीनं एक खडा बाजूला सारला. "म्या न्हाई तोडली कच्ची, बाई."

माफी मागायची ठरवून गेले होते. पण माझ्या माफीचा तिला काय उपयोग, हे तिथे उभं राहून कळलं. तिला तुमची हवी होती. मी म्हणाले, "अब्बा जायच्या आधी दवाखान्यात बोलले होते. म्हणाले, डोंगरातली ती बाई खरी होती, माझी चूक झाली. तिला सांग."

तिनं मान वर केली. घराशी आल्यावर अंगणात सून भाकरी थापत होती, तिला मोठ्यानं हाक मारली. "ऐकलंस का? मालक मरताना म्हनला. तूच सांग गं हिला परत." आणि मी परत सांगितलं, सगळं, आणखी थोडं वाढवून. सुनेनं पिठाचे हात तसेच ठेवून ऐकलं, मग मला पाणी आणून दिलं.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. दवाखान्यात तुम्ही भाईजानच्या गॅरेजचं विचारत होतात, आणि एकदा द्राक्षं महाग झालीत का ते. तुमच्या तोंडी मी ते शब्द घातले, कारण तुम्ही स्वतः ते कधीच काढले नसते. मला त्याचं वाईट वाटत नाही. वाटायला हवं होतं, पण नाही वाटत.