ऐसपैस

२ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! शहरातल्या त्या भाड्याच्या खोलीला कायमचा रामराम. तिथे भाडं दरवर्षी वाढायचं आणि जागा तेवढीच राहायची. रात्री एकाने कूस बदलायची तर बाकी तिघांची परवानगी लागायची. इथे, या लहानशा गावात, आमच्या पुंजीत चक्क चार खोल्यांचं घर आलं. सासूबाईंना वेगळी खोली, लेकीला वेगळी खोली! चिंगीने दिवसभर नुसतं दार लावलं आणि उघडलं. एवढी आठ वर्षांची झाली, पण तिला लावायला आजवर दारच नव्हतं. मी स्वयंपाकघरातून यांना हाक मारली, तर यांना ऐकूच गेली नाही. आनंदाने मला रडू आलं.

६ तारीख, शुक्रवार

इतकी वर्षं लोकांचे पडदे शिवले, आज स्वतःच्या घराला लावले. पिवळे, बारीक फुलांचे. जमिनीपासून चार बोटं वर, अगदी मापात. हे म्हणाले, बरे आहेत. यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे आमच्याकडे जाहीर सत्कारच. चिंगी हॉलभर कोलांट्या मारत होती आणि सासूबाई तिला ओरडायच्या सोडून टाळ्या वाजवत होत्या.

११ तारीख, बुधवार

पडदे जमिनीवर लोळतायत. हे म्हणाले, जगाचे पडदे मापात आणि घरचेच ढगळ. मला काही हसू आलं नाही. दोनदा मोजून शिवलेत मी ते. शिवाय कपाटाचं दार पलंगाला अडतंय, परवापर्यंत सताड उघडत होतं. मग काय, पदर खोचला आणि लागलो कामाला. जागा काढण्यात आमचा हात कोण धरणार? पलंग सरकवला, टेबल भिंतीला लावलं, खुर्च्या एकात एक अडकवल्या, ट्रंका पलंगाखाली ढकलल्या. संध्याकाळी पुन्हा ऐसपैस वाटायला लागलं.

१६ तारीख, सोमवार

कपाट आता मुळीच उघडेना, म्हणून सुताराला बोलावलं. तो उंबऱ्याच्या आत येईना. बाहेरूनच विचारलं, शहरातून आलात ना? मग निभेल तुमचं. म्हणाला, गावातलं कुणीच इथे टिकलं नाही. भिंती जरा आवळल्या की इथल्या माणसाचा जीव घाबरा होतो, तो दुसऱ्या दिवशी बाहेर पडतो. म्हणून दलाल हे घर शहरवाल्यांनाच दाखवतो. त्यांना सवय असते, ते सामान सरकवून घेतात.

आमच्या आधीचे लोक कुठे गेले, असं मी विचारलं. कुठेच गेले नाहीत म्हणे. त्यांची कधी तक्रारही आली नाही.

१८ तारीख, बुधवार

निघू या म्हटलं. हे म्हणाले, कुठे? होतं नव्हतं ते या घरात घातलंय, शहरात आता आपल्याला दारात तरी कोण उभं करेल? सासूबाईंचं दार अर्धंच उघडतं. पाय पोटाशी घेऊन झोपतात, आणि वर मलाच म्हणतात, यापेक्षा अडचणीत दिवस काढलेत गं, कशाला एवढा कांगावा. यांना सगळ्यांना झालंय तरी काय! मी ठरवलंय. उद्या उजाडलं की चिंगीला घेऊन चालू लागायचं.

१९ तारीख, गुरुवार

चिंगीचं दार उघडत नाही. ते आत उघडतं आणि पलंग दाराला टेकलाय. तिची खिडकी — बाहेरून वळसा घालून पाहिलं, नुसती भिंत आहे. सुताराकडे धावले, हातापाया पडले. उद्या सकाळी माणसं आणि पहार घेऊन येतो म्हणाला. पण म्हणे, आधीच्यांच्या वेळीही मी असाच गेलो होतो, ते आतून सगळं ठीक आहे म्हणाले. बाई, तुम्ही स्वतः हाक द्या, तरच भिंतीला हात लावीन.

चिंगी रडत नाहीये. कुशीवर झोपलं की मावते म्हणते. आई, जमतंय मला, म्हणते. माझ्याच्याने ऐकवत नाही. तिला एकटं वाटू नये म्हणून तिच्या दाराशी बसलेय.

२० तारीख, शुक्रवार

उजाडलं. दाराशी, बोळात बसल्या बसल्या गुडघे समोरच्या भिंतीला लागलेत. उठता येत नाही. हॉलमधून हे म्हणाले, जरा तिरकी बस. आणि मी बसले. बसले तिरकी!

सासूबाईंचा आवाज रात्रीपासून नाही.

चिंगी आता बोलत नाही, टकटक करते. मी पण करते. आहे, माझी बाय, मी इथेच —

पावलं. सुतार! पहार टेकवल्याचा आवाज. विचारतोय, फोडू का?

हे हॉलमधून ओरडले — राहू द्या हो, होतंय आमचं.

नाही. नाही होत! सुतार म्हणतोय, बाईंनी सांगू दे. थांबलाय. माझ्यासाठी थांबलाय. एक हाक, बस. वही खाली ठेवायलाही जागा नाही, हातातच —

टकटक.

तो परत विचारतोय. हाक मारायची. पण हाक मारायला आधी छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि छातीला इथे