मंगळवारचं शिळं पाणी

लातूर, मंगळवार

चांगुणे, तुला तुझ्या सरजाक्काचा जय भीम.

अगं, मी आजी झाले! सूनबाई अन् पोरगी खुशाल हायेत, काळजी करू नको. नाक मात्र तुझं घेतलंय.

जिल्हा झाल्यापासून लातूर लई वाढलं, पण पाणी न्हाई. नगरपालिकेचा टँकर आमच्या गल्लीत फक्त मंगळवारी येतो. म्हणून मी आज सकाळीच, आपल्या गावच्या सवयीनं, घरातलं शिळं पाणी ओतून भांडी घासली. मग नगरपालिकेचा माणूस सांगत आला, "टँकर बिघडला. आता परवा."

पाच दिवसांची पोर, तिला न्हाऊ कशानं घालू?

शेजारची गौसिया लई बोलली. "अक्का, पानी कायकू फेके? अकल बी फेकी क्या?" बोलली, अन् घरातली एकुलती भरली घागर आणून ठेवली. तिच्याकडं सहा माणसं. मी अर्धीच घेतली. पोरीच्या न्हाण्याचं पाणी परातीत धरलं, त्यातच बाळुती धुतली.

बारशाला कुंची न्हाई आणली तरी चालंल. एसटीत मांडीवर धरून आपल्या हिरीचं घागरभर पाणी आण, गौसियाला द्यायचं हाय.

हिरीत अजून हाय ना गं?

तुझी,
सरजाक्का