यादीत नसलेलं टेबल

३ मार्च
विकतोय. सहाच्या सहा फ्लॅट! पलंग, पडदे, चमच्यांसकट. दादानं जेवताना सांगितलं, मीठ दे म्हणावं तसं.

चार वर्षं ह्या फ्लॅटांच्या चादरी मी बदलल्या. दोन दिवसांचे पाहुणे, तीन महिन्यांचे भाडेकरू — सगळ्यांचे केस मोरीच्या जाळीतून मी उपसले. आणि राहते कुठे? जो रिकामा असेल त्यात. कुणी येणार म्हटलं की पिशवी उचलायची, पुढचं दार. "तुझं काय बाई, सहा घरं!" — इति दादा. हसायला वहिनी आहेच.

४ मार्च
सामानाची यादीही मीच करायची. "लेखिका ना तू, मग लिही." यादीत आहे ते फ्लॅटबरोबर गेलं. नाही ते आपलं, आपण उचलायचं.

"तुला काही ठेवायचंय का?" दादानं विचारलं. फोनमध्ये बघत. नाही म्हटलं. ह्याच्यापुढे हात पसरू? मेले तरी नाही.

६ मार्च
घेणारा आला. दिसेल त्या वस्तूवर बोटानं टकटक करतो. टकटक्या! चार नंबरमध्ये आईच्या टेबलाशी थांबला. आई ह्यावर शाळेच्या वह्या तपासायची, कडेला तिच्या लाल शाईचा डाग आहे. ती गेल्यावर दादानं ते "जागा भरायला" इथे आणून टाकलं. मी जे काही बरं लिहिलंय ते ह्याच टेबलावर.

"अस्सल लाकूड. हे पाहिजेच."

"वाळवी आहे," मी म्हटलं. "आतून पोखरलंय."

टकटक्यानं हात पँटला पुसला!! दादा बघतच राहिला. "मला कशी दिसली नाही?"

"तुला काय दिसतं?"

७ मार्च
यादी झाली. टेबल नाही त्यात.

१० मार्च
सह्या झाल्या. दादानं यादी उघडलीसुद्धा नाही. "तू केलीयस ना, मग झालं." बावळट! उद्या दुपारी टेम्पो सांगितलाय. मैत्रिणीकडे राहायला जातेय; तिच्या खोलीत खिडकीखाली माप घेऊन आले — बसतंय, दोन बोटं उरतात. ह्या सगळ्यातलं मला एवढंच हवं होतं. न मागता मिळवलं.

११ मार्च
चार नंबर लख्ख झाडलेला. फरशीवर टेबलाच्या पायांचे चार ठसे.

"भंगारवाला सकाळीच तोडून घेऊन गेला," दादा म्हणाला. "वाळवी म्हणालीस ना. नाहीतर फ्लॅट घेणाऱ्याकडून मागून तुझ्यासाठी ठेवणार होतो मी."

मग गाडीतून एक फळी काढून आणली. लाल डागाची.

"एवढी बरी दिसली. हवीय तुला?"

नको म्हटलं.